बत्तीस फॉरमॅटचं मशीन

नबीलाल शेखला संशय यायला फार काही लागत नसे. चहावाल्यानं पेला नेहमीपेक्षा पाच मिनिटं लवकर आणला, तरी तो आधी वास घ्यायचा आणि मग विचारायचा, सकाळचाच गरम करून आणलास का. त्याची बायको चांदबी म्हणायची, तुम्ही जन्मलात तेव्हा सुईणीलासुद्धा आधी निरखून घेतलं असेल. नबीलालला त्यात काही वावगं वाटत नसे. डोळे उघडे ठेवणारा माणूस फसत नाही असं त्याचं ठाम मत होतं, आणि बावन्न वर्षांत ते बदलायची वेळ त्याच्यावर आली नव्हती.

राहात्यात नगर-मनमाड रस्त्याला, बियाण्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक लहानशी केबल वाहिनी चालते. पेरूचे नि कांद्याचे बाजारभाव, शाळांची गॅदरिंग, कुस्त्यांचे फड, सप्ताह, उरूस, हरवलेली शेळी, सगळं तिच्यावर दिसतं. कुठली फाईल किती वाजता पडद्यावर जायची हे जिथून ठरतं त्या खोलीला प्लेआऊट म्हणतात. त्या खोलीत सोळा वर्षं नबीलाल बसत होता. फायली साठवून वेळ झाली की एकेक सोडणारं मशीन, म्हणजे सर्व्हर, त्याच्या उजव्या हाताला असायचं. डाव्या हाताला लोखंडी कपाट, आणि त्यात हार्ड डिस्कवर ठेवलेल्या जुन्या चार हजार फायली. कपाटाची किल्ली त्याच्या शर्टाच्या आतल्या खिशात सेफ्टी पिनेनं टाचलेली असे.

या कपाटामुळे तालुक्यात नबीलालला मान होता. कुणाच्या घरी माणूस गेलं की आठव्या-नवव्या दिवशी घरचे फोन करत. आमचे आबा कधी टीव्हीवर आले असतील तर बघा, म्हणत. नबीलाल कपाट उघडायचा आणि कुठल्या तरी ग्रामसभेत तावातावानं बोलणारे, नाहीतर बैलाला माळ घालणारे आबा हुडकून काढायचा. मग दहाव्याला, नदीवरचा विधी आणि प्रवचन उरकून माणसं घरी परतली की मांडवात टीव्ही लावत आणि बरोबर अकराला गेलेलं माणूस पाच मिनिटांसाठी परत यायचं. हा रिवाज कुणी सुरू केला कुणाला आठवत नव्हतं, पण तो आता मोडणं शक्य नव्हतं. आणि त्या फायली नबीलालशिवाय कुणाला सापडत नसत.

जुना सर्व्हर मात्र थकला होता. दिवसातून तीनदा धापा टाकत बंद पडायचा. वाहिनीचे मालक राधाकृष्ण, ज्यांना सगळे भाऊ म्हणत, त्यांनी शेवटी दोन कंपन्यांची दोन मशीनं पंधरा दिवसांच्या चाचणीसाठी मागवली. एक काळं, एक पांढरं. कुठल्या मशीनवर कुठल्या प्रकारची फाईल चालते याची तुलना करून लेखी अहवाल द्यायला त्यांनी सुप्याची एक इंजिनिअर मुलगी आणली. तिचं नाव निकिता. सत्तावीस वर्षांची, कमी बोलणारी, केसांना घट्ट रबर लावणारी. मशीन निवडून झाल्यावर ते चालवायलाही तिलाच ठेवू, असं भाऊ म्हणाले होते.

नबीलालच्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. हिशेब सरळ होता. जुन्या फायली चालवणारं मशीन आलं तर कपाट राहील, आणि कपाट राहिलं तर नबीलाल राहील. जुन्या फायली न चालवणारं आलं तर कपाटाला कुलूप, आणि कुलपावर बसायला माणूस लागत नाही. त्याच्या जागी ही मुलगी बसेल आणि तो घरी चांदबीसमोर बसेल.

आता फायलींचं थोडं सांगायला हवं. व्हिडिओच्या फायली सगळ्या एका जातीच्या नसतात. कॅमेरा बदलला की आतला साचा बदलतो, त्याला फॉरमॅट म्हणतात. फाईलच्या नावाच्या शेवटी तीन-चार अक्षरं असतात, ती बघून आत कुठला फॉरमॅट आहे ते कळतं. नबीलाल त्या अक्षरांना शेपूट म्हणायचा. जुन्या सर्व्हरला एकच शेपूट दिसायचं, एमपीजी. दुसरं शेपूट असलं की ती फाईल त्याच्या यादीत यायचीच नाही. पण नबीलालला पहिल्याच वर्षी शोध लागला होता की फाईल मोबाईलची असो नाहीतर हँडीकॅमची, नुसतं शेपूट बदलून एमपीजी केलं की सर्व्हर तिला मुकाट्यानं चालवतो. तेव्हापासून दारातून आत आलेल्या प्रत्येक फाईलला तो आधी एमपीजीचं शेपूट लावायचा. चप्पल काढून घरात जावं इतकं ते अंगवळणी पडलं होतं. आपण काही करतो आहोत हेसुद्धा तो विसरून गेला होता.

दोन्ही मशीनांबरोबर माहितीची पत्रकं आली होती. नबीलालनं ती घरी नेली आणि चष्मा लावून, बोट ठेवून फॉरमॅट मोजले. पांढऱ्याच्या पत्रकावर बत्तीस भरले. काळ्याच्या पत्रकावर चौदा. दुसऱ्यांदा मोजले तरी तेवढेच. त्यानं निश्चिंत होऊन पत्रकं घडी करून ठेवली. बत्तीस आणि चौदात कुठलं घ्यायचं हे शाळेतल्या पोरानंही सांगितलं असतं.

निकितानं चौथ्याच दिवशी भाऊंना सांगितलं की तिला काळं बरं वाटतंय.

तिथून नबीलालनं तिच्यावर डोळ्यात तेल घालून नजर ठेवली. त्याला पहिली गोष्ट कळली ती ही, की तिनं पुण्यात सहा महिने ज्या दुकानात काम केलं होतं, तेच दुकान काळं मशीन विकत होतं. दुसरी गोष्ट हनुमंत. हा काळ्याच्या कंपनीचा माणूस, दर दोन दिवसांनी गुळगुळीत दाढी करून नगरहून यायचा. एकदा नबीलाल पाणी भरायला बाहेर आला तेव्हा निकिता आणि हनुमंत जिन्यात उभे होते. हनुमंतनं तिच्या हातात एक पेन ड्राईव्ह ठेवला आणि दोघंही नबीलालला बघून बोलायचे थांबले. खरं तर ते त्याला खाली जायला वाट देण्यासाठी थांबले होते, पण हे नबीलालच्या डोक्यात शिरलं नाही. त्याला एवढंच दिसलं की कुठंतरी पाणी मुरतंय.

तिसरी गोष्ट ती वही. तपकिरी पुठ्ठ्याची, जाड. निकितानं पाचव्या दिवशी कपाटातल्या डिस्क तपासायला मागितल्या. भाऊंचा हुकूम असल्यामुळे नबीलालला द्याव्या लागल्या. मग ती रोज जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून डिस्क लावायची, पेन ड्राईव्ह खुपसायची आणि त्या वहीत काहीतरी उतरवत राहायची. नबीलाल जवळ गेला की वहीवर हात ठेवायची. एकदा तिनं मान वर न करताच विचारलं होतं, फायलींना ही नावं कुणी दिली. मी, असं नबीलालनं छाती काढून सांगितलं. ती बरं म्हणाली आणि लिहायला लागली. त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही. आपल्याविरुद्ध पुरावा गोळा होतोय, याबद्दल त्याची आता खात्री पटली होती.

त्यानंही मग गुपचूप आपली चाचणी घेतली. गेल्या महिन्यातल्या दहा फायली पांढऱ्या मशीनवर टाकल्या. दहाच्या दहा झकास चालल्या. त्या वाहिनीच्या नव्या कॅमेऱ्याच्या होत्या, आणि नवा कॅमेरा मुळातच एमपीजी देतो, ही बारीक गोष्ट त्याच्या ध्यानात आली नाही. तो सरळ भाऊंच्या खोलीत गेला.

भाऊ स्वतः डेअरी चालवलेले, कोण कुठं काय मिसळतो याचा वास घेण्यात आयुष्य गेलेलं. नबीलालनं जिना सांगितला, हनुमंत सांगितला, पुण्याचं दुकान सांगितलं, बत्तीस-चौदा सांगितलं. भाऊंनी डोळे बारीक केले. पोरगी आणि डीलरचं साटंलोटं दिसतंय, असं ते म्हणाले. नबीलाल म्हणाला, मी तसं म्हणत नाही भाऊ, पण तुम्हीच बघा. हे वाक्य त्यानं घरून पाठ करून आणलं होतं.

दुसऱ्या दिवशी गुरुवारी भाऊंनी निकिताला बोलावून पाचच मिनिटांत सोडलं. ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा धुतल्यासारखा पांढरा होता. शनिवारी तिचं काम संपणार आणि शुक्रवारपासून वाहिनी पांढऱ्या मशीनवर चालणार, हे नबीलालला भाऊंनी स्वतः सांगितलं. तो मनातून खूश झाला, आणि खूश झाल्याची त्याला जरा लाजही वाटली, पण ती त्यानं चहाबरोबर गिळली.

शुक्रवारी सहादेव आबांचा दहावा होता. सहादेव आबांनी तीस वर्षं राहात्याच्या बाजारात पेरूचे लिलाव पुकारले. त्यांचा आवाज रस्त्यापलीकडे जायचा. त्यांच्या बायकोनं, छबूबाईनं, स्वतः फोन करून नबीलालला सांगितलं होतं की चेहरा दिसला नाही तरी चालेल, आवाज तेवढा ऐकव. नबीलालनं २०११ ची फाईल काढली. आबा क्रेटवर उभे राहून पुकारताहेत, बाजूला व्यापारी. त्यानं ती थकलेल्या जुन्या सर्व्हरवर लावून पाहिली. आवाज खणखणीत होता.

गुरुवारी संध्याकाळी निघताना निकिता त्याच्या खुर्चीपाशी आली.

"चाचा, सहादेव आबांची फाईल पांढऱ्यावर तशीच लावू नका. लावायचीच असेल तर आधी मला द्या, दोन मिनिटांचं काम आहे."

"का बरं?"

"दाखवते ना. द्या तरी."

नबीलालनं तिच्याकडे बघितलं. जाता जाता फाईल हातात पडली की ही तिचं काय करेल, पांढऱ्या मशीनला तोंडघशी कसं पाडेल, हे त्याला लख्ख दिसलं. बघू, असं तो म्हणाला. ती गेल्यावर त्यानं फाईल पेन ड्राईव्हवर घेतली, बाकी सगळीकडून काढून टाकली आणि पेन ड्राईव्ह शर्टाच्या आतल्या खिशात किल्लीशेजारी टाचला. रात्री तो शर्ट उशाशी घेऊन झोपला.

शुक्रवारी अकराला पाच मिनिटं कमी असताना त्यानं फाईल खिशातून काढून थेट पांढऱ्या मशीनमध्ये भरली. मध्ये कुणाचा हात लागू नये म्हणून त्यानं ही वेळ निवडली होती. भाऊ मागं उभे होते. निकिता कोपऱ्यात आपल्या वस्तू पिशवीत भरत होती. अकरा वाजले. 'स्व. सहादेव आबा यांच्या स्मृतीस' ही पाटी दिसली, गेली, आणि पडदा काळा झाला.

काळाच राहिला. मशीनवर लाल अक्षरात ओळ आली की फाईल वाचता येत नाही. नबीलालनं ती पुन्हा लावली. पुन्हा तीच ओळ. त्यानं कपाटातली दुसरी जुनी फाईल टाकली, तिसरी टाकली, पांढऱ्या मशीननं एकीलाही दाद दिली नाही. फोन वाजला. छबूबाईच्या मांडवात चारशे माणसं बसली होती.

फोन निकितानं उचलला. तिनं शांतपणे सांगितलं की आजी, दोन मिनिटं, कुणाला उठू देऊ नका. मग ती नबीलालच्या बाजूनं वाकली, पेन ड्राईव्ह उपटला, काळ्या मशीनला लावला आणि वायर बदलली. पडद्यावर सहादेव आबा क्रेटवर चढले. त्यांनी एकदा घसा खाकरला आणि सगळ्या राहात्यात त्यांचा आवाज घुमला.

भाऊंनी घाम पुसला. मग त्यांनी विचारलं की ही काय भानगड आहे, बत्तीस फॉरमॅटचं मशीन गप आणि चौदाचं चालतंय कसं.

नबीलाल खुर्चीत बसून होता. त्याच्या ध्यानात आता सगळं यायला लागलं होतं, एकदम नाही, पण पायरी पायरीनं. आबांची फाईल मुळात एका लग्नाच्या फोटोग्राफरच्या कॅमेऱ्यातून आली होती. तिचं खरं शेपूट वेगळं होतं. ते त्यानं स्वतःच्या हातानं काढून एमपीजीचं लावलं होतं. पांढऱ्या मशीननं शेपटावर विश्वास ठेवला, आत एमपीजी हुडकलं, ते मिळालं नाही म्हणून ते थांबलं. निकिता आता तोंड उघडेल आणि सोळा वर्षांचं सगळं बाहेर येईल, म्हणून त्यानं मान खाली घातली.

"पांढरं मशीन नुसतं नाव बघतं भाऊ," निकिता म्हणाली. "काळं आत काय आहे ते बघतं. यादी लहान असली तरी तुमच्या लायब्ररीसाठी तेच चांगलं."

"म्हणजे पांढऱ्यातच खोट हाय."

"तसं समजा," ती म्हणाली, आणि पिशवीची चेन लावली.

ती नबीलालकडे बघत नव्हती. तिनं वही त्याच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाली की ही कपाटाबरोबर राहू द्या. उद्याचा अर्धा दिवस तिला नको होता, ती आजच निघत होती. भाऊंनी तिला थांबवलं नाही. काळं घेऊ, पण पोरीवरचा संशय तो संशयच, असं ते ती जिन्यात पोचायच्या आत म्हणालेसुद्धा.

नबीलालनं वही उघडली. पहिल्या पानापासून त्याच्या फायली होत्या, एकेक, क्रमानं, वळणदार अक्षरात. प्रत्येकीपुढे दोन रकाने. नावात काय, आत काय. एमपीजी, आत एमओव्ही. एमपीजी, आत एव्हीआय. एमपीजी, आत एमपी-फोर. मग पुन्हा, पुन्हा. पाचशेवर फायली तिनं डबा बाजूला सारून उघडून बघितल्या होत्या. हनुमंतच्या पेन ड्राईव्हमध्ये फाईलच्या आतला खरा फॉरमॅट सांगणारी एक छोटी प्रणाली होती, आणखी काही नाही. शेवटी अहवालाचा मसुदा होता. पांढरं घेतल्यास लायब्ररीतल्या दहापैकी सहा फायली चालणार नाहीत, काळं घेतल्यास लायब्ररी आहे तशी चालेल, असं त्यात लिहिलं होतं. त्याखाली एक ओळ होती, लायब्ररीसाठी नबीलाल चाचांना कायम ठेवावं, फायली त्यांनाच सापडतात. शेपटं कुणी बदलली, हे त्या सबंध वहीत कुठंही नव्हतं. जवळ गेल्यावर ती वहीवर हात ठेवायची तो हा रकाना झाकायला, त्याला वाईट वाटू नये म्हणून.

नबीलालला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो उठून भाऊंच्या खोलीत गेला आणि उभ्यानंच बोलला.

"भाऊ, मशीनमदी खोट न्हाई. शेपटं मी बदलली, सोळा वरीस. त्या पोरीला पैल्या आठवड्यातच कळलं हुतं. तिनं मला झाकलं, आन् मी तिची चुगली केली. जिन्यात कायबी झालं नव्हतं."

एवढ्या वर्षांत नबीलालनं स्वतःची चूक सांगितलेली भाऊंनी पहिल्यांदा ऐकली होती, आणि त्यांना त्याचाही जरा संशय आला. शेवटी ते म्हणाले, जा, आण तिला परत.

ती स्टँडवर नगरच्या गाडीची वाट बघत होती. नबीलाल धापा टाकत पोचला. भाऊंना सगळं सांगितलं, चल परत, असं त्यानं एका दमात सांगितलं. निकितानं पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"भाऊंनी मला काल विचारलं, हनुमंतशी जिन्यात काय ठरलं म्हणून. तेव्हाच कळलं मला. जिन्यात तिसरं माणूस तुम्हीच होतात, चाचा."

"चुकलं माझं, बेटा."

"तरीपण संध्याकाळी मी तुमच्याकडे आले फाईल मागायला. तेव्हा तरी मला विचारायचं होतं."

गाडी आली. तिनं येते म्हटलं नाही, पण चढताना एकदा मान हलवली, आणि नगरकडे जाणारी ती गाडी कोपरगावकडून आलेल्या उसाच्या ट्रॅक्टरमागं हळूहळू दिसेनाशी झाली.

सोमवारी काळं मशीन कायमचं बसलं. कपाट जिथल्या तिथं राहिलं, नबीलालही राहिला. त्याला जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं. पहिल्या दिवशी त्यानं तपकिरी वही पुढ्यात घेतली, पहिली डिस्क लावली आणि एकेका फाईलला तिचं खरं शेपूट परत द्यायला सुरुवात केली. काळ्या मशीनला त्याची काही गरज नव्हती. भाऊंनी दोनदा विचारलं, हा नसता उद्योग कशाला. त्यानं पुढची फाईल उघडली.

दुपारी छबूबाईचा फोन आला. आबांचा आवाज लई झ्याक आला, सगळी माणसं रडली, असं ती म्हणाली.

"त्या पोरीला दे ना जरा. आजी, दोन मिनिटं, म्हनली हुती मला. लई मायेनं बोलली."

"ती न्हाई इथं, आज्जे."

"सुट्टीवर हाय व्हय?"

"न्हाई. गेली ती काम सोडून."

"अगं बया. का रं गेली? चांगली हुती की."

नबीलालनं फोन दुसऱ्या कानाला लावला. सांगण्यासारखी चार कारणं त्याच्या तोंडाशी आली होती, आणि चारही खरी वाटली असती.

"माझ्यामुळं," तो म्हणाला.

छबूबाई म्हणाली, ऐकू न्हाई आलं, पुन्यांदा सांग. नबीलालनं तिला पुन्हा सांगितलं.